दुसरी मंजुरी

हातोडीचा पहिला घाव करंगळीवर बसला, तेव्हा किल्लेदार ओरडलासुद्धा नाही. श्वासच अडकला होता. त्याचा डावा हात मेहुण्याने टेबलावर दाबून धरला होता. उजवा मुद्दाम मोकळा ठेवला होता. त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं.

"पत्ता," मेहुणा म्हणाला.

"ताई कुठंय ते मला माहीत नाही, भाऊजी. शपथ."

भाऊजी! बोट ठेचणाऱ्यालाही मान द्यायचा, असलं वळण. जळो ते वळण.

किल्लेदार हे त्याचं ऑफिसातलं नाव. कंपनीच्या क्लाउडवर कितीतरी संस्था आपापली माहिती ठेवून भाडेकरूंसारख्या राहत होत्या, आणि कोणाला कुठलं दार उघडेल ते हा ठरवायचा. नवऱ्याचा मार चुकवून पळालेल्या बायकांना निवारा देणारी संस्थाही त्यातलीच. ताई तिथेच होती. पण त्या दाराला किल्लेदाराने स्वतःच नियम घातला होता: एकाने विनंती करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. त्याशिवाय खुद्द त्यालाही आत डोकावता येत नसे. सख्ख्या बहिणीचा पत्ता त्याने कधी पाहिला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दुसरा घाव बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला.

"एकट्याला नाही उघडत ते!" तो किंचाळला. "दुसऱ्याची मंजुरी लागते!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पण तोंडून सुटलेला शब्द मागे कसला येतो!

"मग माग की मंजुरी." मेहुण्याने त्याची मानगूट धरली आणि तोंड लॅपटॉपवर आपटलं. नाकातलं रक्त कीबोर्डवर सांडलं. किल्लेदाराने विनंती पाठवली. कारणाची जागा मात्र त्याने कोरी सोडली. मेहुण्याच्या ते ध्यानात आलं नाही.

मंजुरी देणारी पोरगी ऑफिसात नवीन होती आणि महाचौकस. कुठलीही विनंती गेली की हिचा उलटा फोन ठरलेला: सर, कशासाठी हवंय? कालच त्याने तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. "मी मागितलं की द्यायचं. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" पोरगी रडायचीच बाकी राहिली होती. आता रक्त गिळत तो मनातल्या मनात तिच्या पाया पडत होता. विचार, बाई. कोरी जागा बघ आणि विचार.

फोन वाजला. तिचाच होता! किल्लेदाराच्या जिवात जीव आला. मेहुण्याने स्पीकर चालू केला आणि हातोडी त्याच्या कपाळाला टेकवली.

"सर, दिली मंजुरी," तिचा आवाज नुसता फुलला होता. "कारण नव्हतं लिहिलेलं, तरी दिली. कालचं मनावर घेतलंय मी. बघा, आज काही म्हणजे काही विचारलं नाही."



"शाबास म्हण तिला," पडद्यावरचा पत्ता वाचत मेहुणा हळूच म्हणाला.