मूठभर पीठ

"मूठभर पीठ डब्यात राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "घर सोडताना डबा रिकामा ठेवू नये. मागून येणारा उपाशी असतो."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीच्या टोकाला गोळ्या वाजत होत्या. बाजार कधीचाच ओस पडला होता. कडेवरची पोरगी भुकेनं रडायचंसुद्धा विसरली होती, आणि म्हातारीला रीतभात सुचत होती!

"आई, मागून येणारा बंदूक घेऊन येणार आहे!"

"मग? बंदूकवाल्याला पोट नसतं?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. सुनेनं डब्याचं झाकण लावलं, जरा आदळूनच. घरात उरलेल्या चण्यांची वाटणी झाली, ज्याचे त्यानं बांधून घेतले. फाटकापाशी आल्यावर सासूबाईंना चष्म्याची आठवण झाली. त्या पुन्हा आत गेल्या. सून दातओठ खात उभी राहिली.

वाटेत चूल पेटवायची सोय नव्हती. धूर दिसला की गोळी यायची. मायलेकी चणे चघळत चालल्या. सासूबाई नुसतं पाणी पीत होत्या. "पोट बिघडलंय गं," एवढंच म्हणायच्या. चणे संपले तेव्हा पोरगी ग्लानीत गेली.

त्याच संध्याकाळी एक गाव लागलं. तिथलीही माणसं परागंदा झालेली. एका घराचं दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरात डबे पालथे पडले होते. चुलीमागचा एक मात्र सुनेच्या हाताला जड लागला. तळाशी पीठ होतं. कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं.

अंधार पडल्यावर तिनं खिडक्या घट्ट लावून चूल पेटवली. पीठ कालवून शिजवलं. पोरगी वाटी चाटूनपुसून झोपली, तेव्हा सुनेला रडू आवरेना. ज्या बाईला कधी पाहिलं नाही, तिचे पाय धरावेसे तिला वाटले.

सकाळी निघताना तिनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि त्या डब्यात रिकामी केली. मूठभर पीठ होतं.

"हे कुठलं गं?"

"आपल्याच डब्यातलं, आई." तिची मान वर होईना. "तुम्ही सांगूनही मी आपला डबा रिकामा ठेवून आले."

सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं.

"रिकामा कुठला? झाकण आदळलंस तेव्हाच तो पोकळ वाजला होता. चष्मा तर माझ्या कनवटीलाच होता. मी माझ्या वाटणीचे चणे ठेवायला गेले होते."