जिथून उत्तर नाही, तिथे आधी

"तुझ्या अम्मीचं उत्तर आलं का?" डॉक्टर विनितांनी तिसऱ्यांदा विचारलं.

आबिदाने फोनच त्यांच्यापुढे धरला. 'पाणी उकळूनच पितोय. घरोघर सांगितले. तू येऊ नको.'

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. वादळाला दोन दिवस झाले होते. मुरुडजवळच्या त्या आरोग्य केंद्राचे निम्मे पत्रे उडाले होते आणि रस्त्यावर नारळी आडव्या पडल्या होत्या. खाडीपलीकडच्या वाड्यांच्या विहिरींत भरतीचं पाणी शिरलं होतं, त्यात संडासांचे खड्डे फुटून मैलाही मिसळला होता. वादळाची बातमी होते, नंतरच्या जुलाबांची होत नाही. माणसं मात्र त्यांनीच जास्त मरतात.

आबिदा तिथली आरोग्यसेविका. भिंतीवर चिकटवलेले कागद कोणी वाचत नाही हे ती कधीच ओळखून होती. म्हणून गेल्या वर्षी तिने प्रत्येक वाडीत एकेक बाई निवडली, जिचं म्हणणं वाडी ऐकते अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप त्या बाईला जायचा, तिने तो घरोघर सांगायचा आणि मग उत्तर द्यायचं. वरच्या साहेबांनी भाषणात कौतुकही केलं होतं. ते करायला त्यांचं काय जात होतं?

कोळीवाडीत कृष्णाबाई होती आणि पलीकडच्या मोहल्ल्यात आबिदाची स्वतःची अम्मी. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुली तिच्या ओट्यावर कुराण वाचायला शिकलेल्या. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. फोन तिला गेल्या ईदला वासिफने, मस्कतला असलेल्या धाकट्या मुलाने घेऊन दिला होता.

वादळानंतर पलीकडे कुणालाच फोन लागत नव्हता. पण रेंज तुटकी असली तरी मेसेज कसाबसा निसटून जातो, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्याच संध्याकाळी आबिदाने अम्मीला लिहिलं होतं, 'पाणी उकळून प्या, घरोघर सांग आणि उत्तर दे. नाही दिलंस तर मी स्वतः होडीत बसून येते.' तिला सातवा महिना होता आणि खाडी अजून उसळत होती. पण आबिदा बोलली की करते, हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पंधरा मिनिटांत उत्तर आलं.

धड इंजिनाची होडी एकच उरली होती, अंबाजी कोळ्याची. भरतीच्या हिशेबाने दिवसाला तिची एकच खेप व्हायची. विहिरीत टाकायची जंतुनाशक टीसीएल पावडर, सलाईनच्या बाटल्या आणि एक नर्स, एवढंच तिच्यात मावायचं.

"मन काय म्हणतं ते सांगू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "गरज कुणाला आहे ते सांग."

मन काय म्हणत होतं ते सांगायची गरजच नव्हती. पण अम्मीचं उत्तर समोर होतं आणि कृष्णाबाईच्या नावापुढे एकच फिकट खूण, म्हणजे निरोप पोचलाच नव्हता. शिवाय आपल्या माणसाला आधी दिलं, असं कुणी म्हणायला नको होतं. आबिदाने फोन पालथा ठेवला.

"कोळीवाडीला पाठवा. जिथून उत्तर नाही, तिथे आधी."

दुसऱ्या दिवशी अंबाजी परतला तो कुरकुरतच. कृष्णाबाईने त्याचीच खरडपट्टी काढली होती. रेंज नसली म्हणून काय झालं, पाणी उकळायचं ते आम्ही गेल्या सालीच शिकलोय, म्हणाली. वाडीत एकही आजारी नव्हता. डॉक्टर वादळानंतर पहिल्यांदा हसल्या. आबिदालाही हसू आलं, कारण तेव्हाच अम्मीचा मेसेज आला होता, 'सगळे बरे आहेत.' मग पुढची खेप काशीदच्या बाजूला गेली. तिथूनही उत्तर नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोहल्ल्यातले हमीदचाचा वल्ही मारत धक्क्याला लागले. होडीत नऊ माणसं आडवी होती, डोळे खोल गेलेली. दहाव्या माणसावर चादर होती. हमीदचाचांनी ती दूर केली नाही. आबिदाने केली.

डॉक्टरांनी सलाईनसाठी धावाधाव सुरू केली. पाणी उकळत होतात ना, असं त्यांनी जाता जाता विचारलं.

"कोन सांगनार, बाई?" हमीदचाचा म्हणाले. "लाकडं भिजलेली, ग्यास न्हाय. तीच विहीर, तेच पानी. पयलं हिलाच लागलं. दोन दिस पडून होती, कुनी होडी घेऊन येईल म्हनून वाट बघत."

आबिदा तिथेच धक्क्यावर बसली. रडू येण्याआधी तिला राग आला, मेलेल्या आईचा राग. जन्मभर पोरींना खरं बोलायला शिकवलंस आणि शेवटी माझ्याशी खोटं बोललीस. तुझ्या शब्दावर मी दोनदा होडी दुसरीकडे पाठवली. ती हे मोठ्याने बोलत होती आणि धक्क्यावरची माणसं माना खाली घालून ऐकत होती.

तिचा फोन वाजला. वासिफचा होता. तिने तो कानाला लावला.

"आपा, अम्मीला फोन लागला काय तुझा?" तो मस्कतहून विचारत होता. "मला वादळापासून लागत न्हाय. तिचा व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर बी चालतो, तर तू होडीत बसू नयेस म्हनून तिच्या नावानं तुला मीच उत्तरं देत होतो."