चार लाल पट्ट्या

दात वाळूत पडला. एखाद्या छोट्या शंखासारखा.

शाळेच्या वहीत, शनिवारच्या पानावर: पोपटमासे अकरा.

प्रवाळावर चार काठ्या. प्रत्येकीला एक लाल पट्टी.

वल्हं खडकावर आपटलं तर एक आवाज येतो. बरगडीवर दुसरा.

गुरुवारी विद्यापीठाची माणसं पाहणीला येणार.

"पट्ट्या दिसल्या नाहीत का रे, आंधळ्या?" इसिकेली ओरडला. वारलेल्या प्रमुखांचा, म्हाताऱ्या रातूंचा तो पुतण्या. म्हणून पहिला फटका त्याचा होता. पुढचेही बरेचसे त्याचेच.

"दिसल्या," कालियोवा म्हणाला. ओठांवर रक्ताचा बुडबुडा आला आणि फुटला. शेजारी त्याने काठ्यांच्या आत पकडलेले दोन मासे अजून तडफडत होते.

उनाइसी नारळाच्या खोडाला पाठ लावून उभी होती. कालियोवा तिचा धाकटा भाऊ. आणि काठ्या तिच्या होत्या.

गावाला ते ठाऊक नव्हतं.

दीड वर्षापूर्वी विद्यापीठाने शाळेची शिक्षिका म्हणून तिला छोटंसं अनुदान दिलं. शाळेतल्या मुलांनी दर शनिवारी चार काठ्यांच्या एकाच चौकोनातले मासे मोजायचे. समुद्र तापला की काय होतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. त्या पैशांत आलं ते एवढंच: चार काठ्या, चार पोहायचे चष्मे, एक वही. "रोव, पोरी," रातू म्हणाले होते. रोवल्या त्या दिवशी सारं गाव पलीकडच्या बेटावर लग्नाला गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी रातू गेले. रिवाजाप्रमाणे समुद्र शंभर रात्री मासेमारीला बंद झाला. गावाने बंदीची खूण म्हणून खांब रोवला. शंभर रात्री सरल्या, खांब उपटला, डुकरं भाजली, होड्या निघाल्या. उनाइसीच्या काठ्या तिथेच राहिल्या. तेवढा तुकडा वडीलधाऱ्यांनी बंद ठेवला असेल, असं पोरांना वाटलं. वडीलधाऱ्यांना वाटलं, रातू कुणाला तरी सांगून गेले असतील. गेलेल्या माणसाच्या शब्दावर चौकशी करायची नसते. कुणी केली नाही. उनाइसीनेही सांगितलं नाही.

आणि मासे परत आले.

आता एक वाक्य पुरे होतं. त्या बंदीच्या काठ्या नाहीत, माझ्या आहेत. भाऊ सुटला असता. संध्याकाळच्या आत चौकोनात जाळी पडली असती. रातूंच्या नावावर खोटी बंदी चालवली म्हणून हीच वल्ही तिच्या दारात आली असती.

"बहीण मासे मोजते, भाऊ गिळतो!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"अरे पुरे, मरेल तो!" एक म्हातारी ओरडली.

"मरू दे, मावशी. रातू भेटतील त्याला वर. त्यांनाच सांगेल काय ते," गर्दीतून उत्तर आलं.

वल्हं खांद्यावर उतरलं. हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. शाळेतली मुलंही तिथेच होती, चष्मे कपाळावर ढकलून. कालियोवा एका कुशीवर कलंडला. इसिकेलीने केस धरून त्याचं डोकं वर उचललं.

"शेवटचं विचारतो. पट्ट्या दिसल्या, तरी का गेलास?"

कालियोवाने उनाइसीकडे पाहिलं.

उनाइसीने तोंड उघडलं.

"भूक लागली होती," तो घाईने म्हणाला.

तिने तोंड मिटलं. पुढचा फटका त्याच्या जबड्यावर बसला. त्यानंतर तो काही बोलू शकला नाही.

गुरुवारी पाहुणे आले. त्यांनी स्वागताची यांगोना प्यायली, वही चाळली, पोहून आले. "गावाने आपणहून जपलंय हे," पाहणीच्या बाई ओल्या केसांनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. उनाइसी हो म्हणाली. कालियोवाला तेव्हा सुवाच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. जबड्यात तारा होत्या आणि तो नळीने पेज पीत होता.

गाव लग्नाला गेलं त्या दिवशी होडी कालियोवाने वल्हवली होती, आणि चारही पट्ट्या त्यानेच कमरेला गुंडाळलेला आपला जुना लाल सुलू सोडून, फाडून बांधल्या होत्या.