सैल बांगड्या

गुंडा कासाराने पेटी उघडून हिरव्या बांगड्यांची माळ बाहेर काढली, तेव्हा बनुबाईला आंघोळ घालून नुकतंच ओसरीवर निजवलं होतं. हिरवं लुगडं नेसवून झालं होतं, कपाळभर कुंकू लावलं होतं. नवऱ्याआधी गेलेली बाई; तिला मोकळ्या हातांनी कशी पाठवायची? बायका गुडघ्यावर हनुवटी टेकून बसल्या होत्या. मुदतीच्या तापाने बनुबाईबरोबर साऱ्या आळीचाच जीव काढला होता. कुणाला धड रडायलाही होत नव्हतं.

तिचा नवरा आकाराम हवालदार खांबाला टेकला होता. लढाईत गोळी लागलेला पाय त्याने लांब पसरला होता.

"ह्या मोठ्या हायत रं," त्याची आई राहीबाई कासाराला म्हणाली. "मापाच्या काढ."

"आवं, नर्सबाई ह्याच घ्यायच्या. कवाबी आलो तरी एक माप मोठंच."

"ठावं हाय मला! त्यातच समदं घालवलं तिनं. आता कुठं जायाचंय तिला बाळंतपनाला? आज तरी हातात घट्ट ऱ्हाऊंदेत."

खरं तर आळीतल्या कुठल्या बाईला ते ठाऊक नव्हतं? शेतकऱ्याची पोर, माहेरी म्हशीचं रेडकू अडलं की बापाबरोबर ओढायला बसायची. पुढे मिरजेच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकली आणि सासरी आल्यावर गावाची लेकरं काढायला लागली. आत जायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, बांगड्या सरसर उतरवायची आणि दाराशी जी म्हातारी बसली असेल तिच्या ओटीत टाकायची. 'सांभाळा, आत्ती. लेकरू झालं की घालते.'

नवरा लढाईवर आणि ही हात मोकळे करून फिरते, म्हणून राहीबाईने तेव्हा सारं घर डोक्यावर घेतलं होतं. आकाराम लंगडत परत आला. झालं! गोळी कुणी मारली हे राहीबाईला कुणी सांगायला नको होतं. आणि हा बाप्या, एवढा लढाई मारून आलेला, 'आई, असं नसतं गं' एवढंसुद्धा कधी बोलला नाही.

गुंडाने दुसरी माळ सोडली. बनुबाईचा हात हातात घेतला, अंगठा आत दाबला. बोटांची पेरं सुजलेली होती. पहिलीच बांगडी कटकन मोडली.

"वाढवली गं बाई!" राहीबाईने तोंडावर पदर घेतला.

"असल्याच मोठ्या बांगड्या माझ्या वटीत हुत्या," शेजारची शालूबाई कुणाकडे न बघता म्हणाली. "रातभर माझ्या सुनंपाशी बसली. आन सकाळी बगते तर ही उसात भांगलायला हजर, धाकटं पाठीला बांधून. म्या म्हनलं, बाई, जरा पड की. तर म्हनती, पडलं की उठवत न्हाई, आत्ती."

कुणीतरी हुंदका दिला.

"आज्जे, मोठ्याच घाला की." आईच्या पायाशी बसलेली विजयमाला बोलली. थोरली लेक, पंधराची. आईच्या तापात पाणी देऊन देऊन तिचे डोळे खोल गेले होते.

"तू गप! तुझंबी डोकं तिनंच फिरवलंय. मिरजंचं खूळ आता हिच्यासंगंच जाळायचं. उन्हाळ्यात तुझं हात पिवळं करते, मग बस बोलत."

पोरीने बापाकडे पाहिलं. तापात शुद्ध असताना बनुबाईने त्याच्याकडे एकच मागितलं होतं: 'विजीला मिरजंला धाडा. मी शिकले तितं.' रोज विचारायची. हा रोज म्हणायचा, 'बरी हो आधी, मग बघू.' त्या 'बघू'वरच ती गेली.

दुसरी बांगडीही मोडली. काच बनुबाईच्या मनगटावर लागली. लांब ओरखडा उठला. रक्त आलं नाही.

विजयमालाने पटकन तो हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने ओरखडा पुसू लागली. पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी पुसत राहिली.

"आय म्हनायची," ती रडत बोलली, "म्हनायची, बांगडीनं नव्या लेकराला वरखडा येतो. म्हनून काढते. दुसरं काय न्हाई, म्हनायची. तुझ्या बापाला काय हुयाचं न्हाई त्येनं."

राहीबाईचा पदर तोंडावरच राहिला. आकाराम खांबाला धरून उठला, पाय ओढत आला आणि बायकोच्या उशाशी कसाबसा बसला.

"मोठ्या भर," तो म्हणाला.

"आकाराम, आरं सवाशिनीला..."

"आई, तिच्या मापाच्या भरूंदे."

मोठ्या बांगड्या सुजलेल्या पेरांवरूनही अलगद गेल्या. दोन्ही हात भरले. गुंडाने पैशाचं नाव काढलं नाही. मृत बाईच्या हातांना नमस्कार केला, पेटी आवळली आणि उठला. तो पायरीवर पोचला तेव्हा आकारामने हाक मारली.

"गुंडा, सुतक फिटलं की एकदा ये. विजीच्या हातात भरायच्यात."

"येतो की, हवालदार. पोरीचं माप ठावं हाय मला."

"मापाच्या नगं," आकाराम म्हणाला. "मोठ्या आन. काढता आल्या पायजेत."