नाव एकदाच घेतलेली फाइल

"यंत्राला काही सापडलं नाही," डॉक्टर बागवान वैतागून म्हणाले. दिगंबर सावे बेशुद्ध होते. त्यांना कुठलंसं इंजेक्शन अजिबात चालत नाही, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक होतं. साव्यांनी स्वतः कधी कानात नोंदयंत्र बसवून घेतलं नव्हतं. त्यांच्या दिवंगत पत्नीच्या, इंदुमतीबाईंच्या कानात मात्र ते होतं, आणि त्यांचा जन्मभराचा शब्द न् शब्द फाइलीत उतरला होता. हॉस्पिटलच्या हुशार यंत्राने त्यात 'दिगंबर' शोधलं आणि एकच ओळ आणली: लग्नातला उखाणा.

ती ओळ वाचून रेकॉर्ड रूमच्या रेवतीबाई ढवळे हसल्या. सगळे ज्याची थट्टा करायचे तो, हाताने हुकूम टाइप करायचा जुना काळा पडदा त्यांनी संगणकावर उघडला.

"अहो डॉक्टर, उखाणा सोडला तर या बाईने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. नाव कशाला शोधता?"

त्यांनी एका ओळीत शोधायचा नमुना टाइप केला: आधी 'ह्यांना', 'आमचे हे' किंवा 'अहो', आणि पुढे कुठेही 'इंजेक्शन'. क्षणात अकरा ओळी आल्या. सातवीत लिहिलं होतं, "ह्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि घसाच सुजला हो!"

डॉक्टरांनी पेनिसिलिनने भरलेली सिरिंज खाली ठेवली.

तिसऱ्या दिवशी सावे शुद्धीवर आले. "तिने माझं नाव एकदाच घेतलं म्हणे?"

"एकदाच," रेवतीबाई म्हणाल्या. "पण 'ह्यांना', 'आमचे हे' आणि 'अहो' मिळून नव्वद हजार ओळी आहेत. मुद्दाम मोजून आणल्यात."

सावे उशीला टेकून ताठ बसले आणि शेजारच्या खाटेकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? नव्वद हजार!"