पेटीत ठेवलेल्या कविता

"आणि त्या चित्रकाराने आपल्या सगळ्या कविता बायकोच्या शवपेटीत ठेवून दिल्या!" मोरेश्वरराव माइककडे आणखी झुकले. "एकच प्रत होती. तीही तिच्याबरोबर गेली."

कुवेतच्या साल्मिया भागातल्या त्या हॉलमध्ये कुणाची खुर्ची करकरली तरी लोक वळून बघत होते.

पहिल्या रांगेत त्यांचा मेहुणा आलोक बसला होता. नाशिकहून कालच आलेला. मांडीवर एक कापडी पिशवी. तिच्यातली वस्तू भाऊजींच्या हातात दिली की तीन वर्षांचं ओझं उतरणार होतं. पण काल घरी भाऊजींचं सुटाला इस्त्री, भाषणाची तालीम हेच चाललेलं. सांगायला सवडच मिळाली नाही.

मोरेश्वरराव रिफायनरीतून निवृत्त होऊन महिनाअखेर कुवेत सोडणार होते. मराठी मंडळ त्यांना निरोप देत होतं. इंजिनियर म्हणून नव्हे हं, कवी म्हणून! व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या त्या इंग्रज चित्रकाराच्या कविता त्यांनी मराठीत आणल्या होत्या आणि पहिल्या पुस्तकाला पुण्यात पुरस्कार मिळाला होता. जन्मभर तेलात हात घातले, पण नाव राहील ते या कवितांमुळेच, असं ते स्वतःच सांगायचे.

दुसरं पुस्तक तयार झालं आणि त्यांची बायको, आलोकची मंदाताई, गेली. तेव्हा या गृहस्थाने, अख्ख्या मंडळाच्या देखत, त्या पुस्तकाचं हस्तलिखित नाशिकला पाठवायच्या तिच्या शवपेटीत ठेवलं. बायका हुंदके देऊन रडल्या. त्यानंतर मोरेश्वररावांनी एक ओळ लिहिली नाही. प्रेम करावं तर असं, लोक म्हणायचे.

आलोकला मात्र तेव्हा भाऊजींचा भयंकर राग आला होता. ताईची पेटी विमानातून एकटी आली! "मला बघवणार नाही," म्हणून हे कुवेतमध्येच राहिले. बघवणार नाही म्हणे! आम्हाला काय बघवत होतं?

मंडळाची सेक्रेटरी शलाका माइकपाशी आली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण काकांचा विषय निघाला की तिला भरून यायचं.

"काका-काकूंची जोडी आठवते ना सगळ्यांना? कार्यक्रमाआधी दोघं पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून बसायचे. मंदाशी बोलल्याशिवाय मला स्टेजवर चढवतच नाही, म्हणायचे काका. आम्ही किती चिडवायचो! आणि हे वाचायला लागले की मागच्या रांगेत काकूंचे ओठ हलायचे. सगळं पाठ होतं त्यांना."

आलोकने डोळे पुसले.

"काका, त्या इंग्रजाने पुढे थडगं उघडून कविता परत काढल्या ना?" मागून मंडळातल्या प्रसादने विचारलं.

"काढल्या. छापल्याही. तिथेच घसरला तो." मोरेश्वररावांचा आवाज चढला. "दिलेलं परत घ्यायचं नसतं. मातीतलं उकरता येतं. आपल्याकडे अग्नी असतो. मंदाला दिलं ते मंदाबरोबर गेलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि आलोकला राहवलं नाही. तो उठून उभाच राहिला.

"भाऊजी, पेटी चितेवर जात नाही हो."

टाळ्या थांबल्या.

"ताईला बाहेर काढून तिरडीवर घेतलं. पेटी राहिली बाजूला. तिच्यात ही होती." त्याने पिशवीतून फाइल काढली. चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे घातलेली. "एवढी कमाई जाळायला माझा हात धजला नाही. ताईची वस्तू ठेवून घेतली, चुकलो असेन. पण तुमच्यावरचा राग मात्र त्याच दिवशी गेला."

मोरेश्वरराव पांढरेफटक पडले. "तू... वाचलंस?"

"छे हो! तुमचं दोघांचं खाजगी. देवघराखाली जपून ठेवली होती."

"दे इकडे."

पण तोवर फाइल शलाकाच्या हातात गेली होती. "काका, फक्त एक वाचते!"

"नको! शलाका, खाली ठेव ती!"

त्यांचा आवाज चिरकला. बिचाऱ्यांना आवरेना, कुणीतरी पुटपुटलं. कुणी पाण्याची बाटली घेऊन धावलं. शलाकाने गाडीच्या किल्लीने पट्टी फाडली.

आलोकने तिच्या खांद्यावरून पाहिलं. ताईचं अक्षर! बरोबरच आहे, भाऊजींचं सगळं तीच तर उतरवून द्यायची. पण खाडाखोड तरी केवढी! एकेका शब्दावर चार-चार शब्द लिहून खोडलेले.

"अय्या, समासात काकूंनी काहीतरी लिहिलंय," शलाका कौतुकाने म्हणाली आणि माइक जवळ ओढून तिने ते मोठ्याने वाचलं.

"'या कडव्याचा अर्थ ह्यांना गाडीत पुन्हा समजावणे. मागच्या कार्यक्रमात भलतंच सांगून बसले.'"