दांडगीची तुकडी बदलली

"तिला दुसऱ्या तुकडीत टाका, नाहीतर मी माझ्या मुलीचं नाव शाळेतून काढून घेते," आई मुख्याध्यापिका बाईंना म्हणाली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. शाळेत खेटे घालून ती थकली होती. शिवणकामाच्या कारखान्यातली मालकीण तर आता रजा मागितली की नुसती बघत राहायची.

आधी चिमटे झाले. मग ढकलाढकली, ओढाओढी, उसवलेल्या बाह्या. काल तर तिच्या तिसरीतल्या एवढ्याशा पोरीला जिन्यावरून ढकललं. गुडघा फुटला.

ढकलणाऱ्या मुलीचा बाप शेजारच्या खुर्चीत बसला होता. बसचा ड्रायव्हर. रात्रपाळीनं डोळे तारवटलेले. आपल्या लेकीला सगळा वर्ग 'दांडगी' म्हणतो, हे त्याला इथेच कळलं.

"घरी अगदी गरीब गाय असते हो," तो म्हणाला. "इथे काय शिरतं तिच्या अंगात, देव जाणे. बदला तुकडी. माझं काही म्हणणं नाही."

दोघं भांडतील म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी शिपायाला दाराशी उभं केलं होतं. तो उगाच ताटकळला. बाईंनी सुस्कारा सोडला आणि सांगून टाकलं: सोमवारपासून दांडगी वरच्या मजल्यावर. मधली सुट्टीही वेगळी.

गुडघ्याला पट्टी बांधलेली लेक व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. आईनं तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं. दोघी फाटकाबाहेर पडल्या. घरी जावं आणि पाठ टेकावी, एवढंच आईच्या मनात होतं.

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. "सोमवारपासून ती तुझ्या वर्गात नाही. तुझ्या वाटेलाच जाणार नाही आता."

लेक थांबली. भर रस्त्यात तिला रडू फुटलं. मार खाऊन यायची तेव्हाही ती कधी अशी रडली नव्हती.

"अगं, सुटलीस ना! रडतेस कशाला?"

"बाकीच्या मला खेळायला घेतच नाहीत. मी गेले की उठून जातात. मग सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसते."

"बरं, मग?"

लेकीनं बाहीनं नाक पुसलं.

"तिथे मला शोधत फक्त तीच येते, आई."